जाधवांचा दुसरा फ्लॅट

खारघरच्या त्या फ्लॅटच्या गॅलरीतून अख्खा डोंगर दिसत होता. एजंट दिनेश म्हात्रेने दार उघडलं, पडदे बाजूला सारले, हात पसरून "बगा!" म्हणाला आणि मागे वळला, तर मागे मी एकटाच. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ते आमचे जाधव वर आलेच नव्हते. ते खाली, लिफ्टशेजारी, सोसायटीच्या नोटीस बोर्डाच्या काचेला नाक लावून उभे होते.

म्हात्रे धावत खाली गेला, मागोमाग मीही. "काका, फ्लॅट तं बगा! हॉल बगा, डोंगर बगा. बोर्ड कशाला बगता?"

जाधवांनी एक बोट वर केलं. शेवटची नोटीस वाचून संपवली, बोर्डाचा मोबाईलवर फोटो काढला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नको. चला, सेक्रेटरी."

गाडीत बसल्यावर त्यांनी मला तो फोटो दाखवला. खाली सही-शिक्क्यासह लिहिलं होतं: 'भाडेकरूंच्या मुलांनी बागेतील झोपाळ्यावर बसू नये.' मला हसू आलं. जाधव हसले नाहीत. त्यांनी तो फोटो एका अल्बममध्ये टाकला. त्या अल्बममध्ये असे शंभरएक फोटो होते आणि एकाही फ्लॅटचा फोटो नव्हता.

सेक्रेटरी म्हणजे मी. नेरुळच्या आमच्या बेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीचा हा काटेरी मुकुट सात वर्षं माझ्या डोक्यावर आहे. मला कोणी घालायला सांगितला नव्हता आणि कोणी काढूनही घेत नाही. आमच्या बोर्डावरच्या सगळ्या नोटिसा मी स्वतः लिहितो. 'लिफ्टमधून मासळी नेताना ती दुहेरी पिशवीत न्यावी, जेणेकरून शेजारधर्म टिकेल' हे वाक्य माझं आहे. त्यातल्या 'जेणेकरून'चा मला अभिमान आहे. तेव्हा नोटीस वाचून फ्लॅट नाकारणारा माणूस भेटला म्हणजे मला राग यावा की आपला कोणीतरी वाचक आहे याचा आनंद व्हावा, हेच कळेना.

जाधव आमच्याकडे राहायला आले त्या दिवशी सभासदत्वाचा फॉर्म घेऊन मीच गेलो होतो. दारात पाट्या, खोकी, गुंडाळलेल्या गाद्या. बुटके, ताठ, बारीक मिशी, खिशाला दोन पेनं. मी नाव लिहिलं, 'अनंत जाधव', आणि बोलता बोलता सहज विचारलं, "जाधव म्हणजे कुठले?"

"चौथ्या मजल्यावरचे," ते म्हणाले.

मी खो खो हसलो. माणूस मिश्कील दिसतो, असं घरी येऊन बायकोला सांगितलं. सोसायटीत मग हा किस्सा मी कितीतरी जणांना रंगवून सांगितला.

जाधव तुर्भ्याच्या औषधांच्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाले तरी फोरमनपण निवृत्त झालं नाही. पाण्याचा पंप बिघडला की प्लंबरच्या आधी तेच हजर. त्यांचं एक पेटंट वाक्य आहे: "इन्व्हेस्टमेंटच्या अँगलने बघा." हा अँगल ते कशालाही लावतात. फ्लॉवर घेताना, "पानं जास्त आहेत, इन्व्हेस्टमेंटच्या अँगलने बघा, भाजी कमी पडेल." मला गुडघेदुखी झाली तेव्हा, "आता रोज वीस मिनिटं चाला. इन्व्हेस्टमेंटच्या अँगलने बघा, सत्तरीत वसूल होईल." एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे शालनवहिनींनी, मला दुसऱ्यांदा चहा दिला तर म्हणाले, "सेक्रेटरींना चहा म्हणजे लाँग टर्म."

निवृत्तीचे पैसे हातात आले त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, की आपण दुसरा फ्लॅट घेणार आणि तो भाड्याने देणार. झालं! आमच्या नवी मुंबईत माणसाला दोन विषय जन्मभर पुरतात, पाणी किती वेळ येतं आणि रेट कितीवर गेला. अख्खी बिल्डिंग सल्लागार झाली. तळमजल्यावरच्यांनी उलवे सांगितलं, कारण विमानतळ. सहाव्या मजल्यावरच्यांनी तळोजा सांगितलं, कारण मेट्रो. एकाने तर रंगीत तक्ता करून दिला. जाधवांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना "बरोबर आहे" म्हटलं आणि दोन वर्षं एकही फ्लॅट घेतला नाही.

माझ्याकडे गाडी आहे, रविवार रिकामा आहे आणि दुसऱ्याचं घर आतून बघायची हौस आहे. म्हणून मी त्यांचा सारथी झालो. घणसोली, कोपरखैरणे, उलवे, पनवेल, सगळं पालथं घातलं. पद्धत ठरलेली. पहिल्यांदा नोटीस बोर्ड. बोर्ड पास झाला तर वॉचमन. वॉचमनच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसून जाधव त्याला विचारायचे, "नवीन भाडेकरू आला तर गेटवर काय काय विचारता?" वॉचमन बिचारे प्रामाणिक असतात, सगळं सांगून टाकतात. वॉचमन पास झाला तर कमिटीचं कोणीतरी. कमिटी पास झाली तर फ्लॅट. पण दोन वर्षांत एकही कमिटी पास झाली नाही, त्यामुळे फ्लॅट आतून बघायचं काम माझ्याकडे आलं.

"विमानं दिसतात गॅलरीतून," मी उलव्याला वरून उतरून उत्साहाने सांगितलं.

"भाडेकरू विमानं बघायला येणार नाही, सेक्रेटरी. ड्युटी करून झोपायला येणार. इथे रात्री दहानंतर पाहुणा आला तर फोटो काढून ठेवतात. बोर्डावर आहे."

म्हात्रे तर रडकुंडीला आला होता. मूळचा कामोठे गावातला, आजोबांची भातशेती होती तिथे आता टॉवर आहेत, आणि तेच टॉवर तो लोकांना दाखवतो. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सेक्रेटरी साहेब, येवडा टाईम मी माझे बायकोला बगाया गेलो तवा बी नाय घेतला. काका गिराईक हाय का तपासनी अधिकारी?"

अखेर शालनवहिनींनी फतवा काढला. त्यांची मुलगी प्राजक्ता बंगळुरूला नोकरी करते, ती मे महिन्यात सुट्टीला येणार होती. ती यायच्या आत फ्लॅट ठरला नाही तर सगळे पैसे फिक्स डिपॉझिटमध्ये, वहिनींच्या नावाने, आणि हा विषय कायमचा बंद. जाधव एरवी कोणाला घाबरत नाहीत, पण वहिनी शांतपणे बोलल्या म्हणजे ते ताठ बसतात. एप्रिल उजाडला होता.

आणि तेव्हा सीवूड्सचा तो फ्लॅट आला. खरं सांगतो, मी माझ्यासाठी घेतला असता. मालक परदेशी चाललेला, घाईत, किंमत बाजारभावापेक्षा खाली. बोर्डावर फक्त योगासनांच्या वर्गाची जाहिरात. वॉचमन हसरा. कमिटीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या घरी बोलावलं, चहा दिला, काजू दिले. मी मनात पेढे वाटले.

जाधवांनी विचारलं, "भाडेकरूंसाठी काही नियम?"

"छे, छे," अध्यक्ष म्हणाले. "लेखी काही नाही. आम्ही फक्त बघून घेतो."

"म्हणजे कसं बघता?"

"म्हणजे... फॅमिली कशी आहे, कुठली आहे. तुम्हाला कळतंच की. वातावरण चांगलं ठेवायचं असतं."

जाधवांनी कप खाली ठेवला. "चहा छान होता," ते म्हणाले आणि उठले.

गाडीत माझा तोल गेला. दोन वर्षांचं पेट्रोल, दोन वर्षांचे रविवार सगळं वर आलं. "जाधव, तुम्हाला फ्लॅट घ्यायचाय की कमिटी? बघून घेतात म्हणजे काय, सगळेच बघून घेतात! आपणही घेतो! इन्व्हेस्टमेंट आहे, तुम्हाला तिथे थोडंच राहायचंय?"

जाधव खिडकीबाहेर बघत होते. "मला नाही राहायचं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेलेले पाहून मी तक्रार घेऊन वहिनींकडे गेलो. हॉलमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती आहे, वहिनी तिच्यापुढे मोगरा ठेवत होत्या. मी सगळं ऐकवलं. नोटीस बोर्ड, वॉचमन, काजू. वहिनींनी ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर बसल्या.

"भावोजी, प्राजक्ता तीन महिन्यांची होती तेव्हा," त्या म्हणाल्या. "आम्ही दिघ्याला पत्र्याच्या खोलीत राहायचो. वाशीला जागा बघितली. एक खोली आणि किचन, पण नळ घरात. किती आनंद झालेला मला! डिपॉझिट दिलं, टेम्पो भरला, मी पोरीला घेऊन मागे गादीवर बसले. गेटशी पोचलो. मालक हसत खाली आले. बोलता बोलता ह्यांना विचारलं, जाधव म्हणजे कुठले? ह्यांनी सांगितलं. खरं तेच सांगितलं. मालक म्हणाले, दोन मिनिटं थांबा. वर गेले ते गेलेच. अर्ध्या तासाने वॉचमन आला, डिपॉझिटचं पाकीट घेऊन. म्हणाला, मालकांच्या भावाला जागा लागणारे."

वहिनींनी हातात उरलेली मोगऱ्याची फुलं टीपॉयवर ठेवली.

"टेम्पो तसाच परत दिघ्याला. सबंध रस्ताभर हे मला सांगत होते, अगं बरं झालं, त्या घरात ओल होती. मी म्हटलं, हो, मलाही वाटलीच होती." वहिनी जराशा हसल्या. "तीसेक वर्षं झाली. आम्ही दोघं अजून त्या ओलीबद्दलच बोलतो. आता भाडं मिळेल तर हवंच आहे हो, नको कशाला? पण ह्यांना एकदा मालक व्हायचंय. त्या मालकासारखा नाही. काही न विचारता किल्ली देणारा. आणि मालक चांगला असून उपयोग काय? गेटवर कमिटी उभी असते. म्हणून आधी बोर्ड वाचतात."

जाधव बौद्ध आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्याकडे बुद्धपौर्णिमेची खीर मी दर वर्षी खातो. पण ते आणि त्यांचं बोर्ड वाचणं, या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मला पाहायची गरजच कुठे पडली होती? गेटवर थांबवतील असं माझं आडनावच नाही. आणि 'चौथ्या मजल्यावरचे' हा किस्सा मी अख्ख्या सोसायटीला विनोद म्हणून सांगितला होता. मला माझी लाज वाटली. ती वाटायला मला सात वर्षं लागली, याची जास्त वाटली.

खाली उतरलो तर आमचा बोर्ड समोर. त्यावर माझ्याच भाषेत, माझ्याच सहीने: 'भाडेकरू ठेवण्यापूर्वी सभासदांनी त्यांच्या कौटुंबिक पार्श्वभूमीची माहिती कमिटीस द्यावी.' टाचण्या काढून तो कागद मी खिशात घातला. या कामासाठी मी कमिटीची सभा बोलावली नाही.

संध्याकाळी म्हात्रेला फोन केला. म्हटलं, तुझ्याकडे असलेल्या चकाचक सोसायट्या राहू दे. साधी बिल्डिंग दाखव, साध्या लोकांची.

"हाय एक," तो जरा लाजत म्हणाला. "आमचे कामोठ्यान. पन गॅलरीतून समोरचे बिल्डिंगचे चड्ड्या दिसतात, दुसरा काय पन दिसत नाय. म्हनून दाखवली नव्हती."

कामोठ्याच्या त्या बोर्डावर तीन कागद होते. गुरुवारी पाणी येणार नाही. तिसऱ्या मजल्यावर गणिताची शिकवणी घेतली जाईल. निळी छत्री सापडली आहे, ओळख पटवून न्यावी. जाधवांनी तीनही दोनदा वाचले. वॉचमन नव्हताच. सेक्रेटरी गच्चीवर सापडल्या, साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालत होत्या. जाधवांनी नेहमीचा प्रश्न विचारला, भाडेकरूंना नियम काय?

"पाणी जपून वापरायचं," त्या म्हणाल्या. "आणि कोण घेतंय फ्लॅट, तुम्ही? मग त्या कोपऱ्यातली पापडी उलटी करा बघू, माझा हात पोचत नाही."

जाधवांनी पापडी उलटी केली. मग पुढच्या पाच-सहा पापड्याही केल्या. मग म्हात्रेला म्हणाले, "चल, फ्लॅट दाखव."

म्हात्रेच्या हातून किल्ल्या पडल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा हा माणूस फ्लॅटमध्ये शिरत होता. आत गेल्यावर मात्र फोरमन जागा झाला. नळ सोडले, खिडक्या उघडल्या-मिटल्या, ओट्याखाली वाकून बघितलं, आणि शेवटी चारही भिंतींवरून तळहात फिरवला. बराच वेळ फिरवत होते.

"काय बगता, काका?"

"ओल आहे का बघतो."

ओल नव्हती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात व्यवहार झाला. बिल्डिंगमध्ये सगळे सल्लागार हळहळले. कामोठे? तिसरा मजला? समोर चड्ड्या? जाधव सगळ्यांना छाती पुढे काढून सांगत होते, "इन्व्हेस्टमेंटच्या अँगलने बघा, माणसं चांगली आहेत."

मग म्हात्रेने भाडेकरूंचं विचारलं. "कसे पायजे? फॅमिली? जॉबवाले? वेज का नॉनवेज? यादी द्या, तसे आनतो."

"जे पहिले येतील त्यांना दे."

"पयले येतील त्यांना? काका, यो फ्लॅट हाय का वडापाव?"

पहिले आले ते एक तरुण जोडपं. तो ऐरोलीला कंपनीत, ती कामोठ्यातच एका दवाखान्यात नर्स. एवढंच म्हात्रेने सांगितलं, आणि जास्त सांगायला लागला तेव्हा जाधवांनी त्याला चहा आणायला पाठवलं. राहायला यायचा दिवस ठरला. आम्ही चौघं आधीच जाऊन बसलो: जाधव, वहिनी, मी आणि म्हात्रे. जाधवांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. किल्ली खिशातून काढत होते, परत ठेवत होते.

जोडपं वर आलं. दोघंही दारातच उभे, चपला बाहेर काढून. म्हात्रेने पोलिस व्हेरिफिकेशनचा फॉर्म पसरला. "काका, भाडेकरूचा पूर्न नाव काय लिवू?"

"त्यांना लिहू दे," जाधव म्हणाले आणि चक्क गॅलरीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"आवो, मालकाला नाव तं म्हाईत पायजे! कायदा हाय!"

"कायद्याला कळू दे ना. माझं काय काम?"

मुलाने फॉर्म भरला. जाधव आत आले, वरचा भाग हाताने झाकून खाली सही केली. फोरमनची सही, ठळक, खाली रेघ. मग किल्ली पुढे केली.

मुलाने ती घेतली नाही. बायकोकडे बघितलं, मग जमिनीकडे. "काका, एक आधीच सांगून टाकतो," तो म्हणाला. "म्हणजे नंतर तुम्हाला प्रॉब्लेम नको. आम्ही म्हणजे..."

"पाणी सकाळी साडेसहाला येतं," जाधव म्हणाले. "गुरुवारी येत नाही. बुधवारीच भरून ठेवा."

"हो, पण काका, आम्ही..."

"किचनचा नळ जरा घट्ट आहे. उद्या वायसर टाकून देतो."

त्या मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शालनवहिनी उठल्या, तिचा हात धरून म्हणाल्या, "चल गं, तुला ओटा दाखवते," आणि तिला आत घेऊन गेल्या.

जाधव मुलाकडे वळले. "सामान कधी येतंय?"

"आलंय," मुलगा म्हणाला. "खाली टेम्पोत आहे. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलणं होऊ दे, मग उतरवू. टेम्पोवाल्याला थांबवून ठेवलाय."

जाधवांचा चेहरा मी सात वर्षं बघतोय. तो असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मुलाच्या हातात किल्ली कोंबली, त्याच्या मुठीवर आपली मूठ क्षणभर दाबून धरली आणि चपलाही न घालता जिना उतरायला लागले. बासष्ट वर्षांचा माणूस, एका वेळी दोन-दोन पायऱ्या. मी मागून "जाधव, सावकाश!" म्हणत धावलो.

टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा होता. मागे लोखंडी कपाट, गुंडाळलेली गादी, बादलीत खच्चून भरलेली भांडी. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवूनच बसला होता. जाधवांनी त्याच्या दारावर थाप मारली.

"गाडी बंद कर रे," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता आणि डोळे भरून आले होते. "बंद कर. परत नाही जायचं."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. जाधवांनी मागचा फाळका पाडला, गादी खांद्यावर घेतली आणि मी भांड्यांची बादली उचलली.